अहवालवाचनाला थांबणारी माणसं

आमच्या हायस्कूलच्या गॅदरिंगला लोक यायचे ते नाच बघायला आणि नाटकाला. मला मात्र इतक्या वर्षांनी सगळ्यात जास्त आठवतं ते हेडसरांचं अहवालवाचन. शाळा आम्हाला मोठं करण्यात वर्षागणिक कशी पुढं सरकली, ते मी त्या अहवालांतूनच ऐकलं.

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी रस्त्यापासून थोडी आत आमची सरकारी मराठी शाळा. सुगी संपली, भाताच्या मळण्या उरकल्या की डिसेंबरअखेर नाहीतर जानेवारीत गॅदरिंगची तारीख पडायची. त्याआधी धरून चालायचंच नाही, निम्मी पोरं शेतात असायची. बाकांवर फळ्या टाकून स्टेज, मागं गावातल्या मंडळाचा पडदा, आंब्याच्या फांद्यांना बांधलेले कर्णे. एसडीएमसीचे, म्हणजे शाळेच्या समितीचे, अध्यक्ष सकाळपासून खुर्च्या मोजत फिरायचे. दिवसा मेट्रिक मेळा, मधे भात-आमटी आणि शिरा, दिवे लागले की कार्यक्रम.

मेट्रिक मेळा म्हणजे पोरांचा बाजार. ज्याच्या घरी जे पिकतं ते तो घेऊन बसणार. आमच्याकडं रताळी फार, शिवाय मिरच्या, केळी, कोथिंबिरीच्या पेंड्या. आठवीतली एक मुलगी रताळ्यांचा ढीग लावून बसलेली मला अजून दिसते. एक मामा अडीच किलो घेऊन म्हणाले, "वरती दोन टाक की गं." ती म्हणाली, "मामा, वरती टाकली तर बाईंना हिशोब कोण देणार?" मामांनी हसत पिशवी उचलली.

खरी गंमत हिशोबात होती. गणिताच्या बाई प्रत्येकाकडून कागद लिहून घ्यायच्या: भांडवल किती, विक्री किती, नफा किती. त्या मुलीनं भांडवल शून्य लिहिलं होतं, कारण रताळी घरचीच. बाईंनी कागद परत दिला. "वेल कुणी लावले? खत कुठनं आलं? काढायला कोण होतं?" ती म्हणाली, "आई." "मग आईची हजेरी लिही." तिनं आईची मजुरी मांडली, खत मांडलं, आणि नफा एकदम एवढासा झाला. संध्याकाळी तो कागद भिंतीवर लावला होता. तिची आई त्याच्यासमोर बराच वेळ उभी होती, शेजारणीला बोटानं ती ओळ दाखवत होती. दहावीच्या पुस्तकातलं नफातोट्याचं कुठलंही गणित त्या कागदाइतकं माझ्या लक्षात राहिलेलं नाही.

आधी अहवाल पाच मिनिटांत संपायचा. दहावीचा निकाल, खेळांतली बक्षिसं, प्रतिभा कारंजी या शाळांच्या कलास्पर्धेत तालुक्यापर्यंत गेलेली मुलं, देणगीदारांचे आभार. नवे हेडसर आले त्या वर्षी निकाल वाचून झाल्यावर त्यांनी पान उलटलं आणि म्हणाले, "आता मागची दहावी सध्या कुठं आहे ते सांगतो." मग वाडीवार वाचत गेले. खानापूरला पी.यू.सी.ला, म्हणजे अकरावी-बारावीला, किती, बेळगावला आयटीआयला किती, तिथल्याच उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत कोण लागलं, गोव्याला हॉटेलात किती गेले, घरच्या शेतीवर किती राहिले. नावं घेतली नाहीत, पण वाड्या लहान, ज्याचं त्याला कळत होतं. शेवटी म्हणाले, "काही मुलींची लग्नं झाली. १८ पूर्ण नव्हती. हे मी शाळेच्या खात्यावर मांडतोय, आईबापांच्या नाही." त्यांनी घरच्यांना बोल लावला असता तर पुढच्या वर्षी बायका मंडपात आल्याच नसत्या. तो कमीपणा त्यांनी शाळेकडं घेतला, म्हणून लोक ऐकत राहिले.

तेव्हापासून एका जानेवारीत अहवालात जे उणं दिसलं, त्याचं काम पुढच्या जूनला सुरू व्हायचं.

मुलींचं पहिल्यांदा हाती घेतलं. २००६-०७ च्या सुमारास आठवीच्या मुलींना सरकारी सायकली मिळू लागल्या होत्या, त्यानं लांबच्या वाड्यांवरच्या पोरींचं येणं टिकलं. पण दहावीनंतर काय? बाई आणि हेडसर सुट्टीच्या दिवशी घरोघर जायला लागले. नापास झालेलीच्या घरी आधी. पुरवणी परीक्षेचा फॉर्म सोबतच घेऊन जायचे. पुढं २०२३-२४ ला कर्नाटकात दहावीला एकाच वर्षात तीन संधी मिळू लागल्या, तेव्हा तसं नव्हतं. एकदा नापास झाली की स्थळं बघायला सुरुवात. पुरवणीत पास होऊन पुढं नर्सिंगला गेलेली एक मुलगी नंतरच्या एका गॅदरिंगला पांढऱ्या गणवेशात आली होती. तिला स्टेजवर बोलता येईना, नुसते हात जोडले. तिच्यासाठी वाजलेल्या टाळ्या त्या वर्षीच्या नाटकालाही मिळाल्या नाहीत.

मग भाषेचं. सीमाभागातल्या पोराला हे वेगळं सांगायला नको. घरात मराठी, नाडकचेरीत, म्हणजे दाखले मिळतात त्या सरकारी कचेरीत, कन्नड, पी.यू.सी. सायन्सला गेलं की सगळं इंग्रजीत. दहावीच्या ६२५ पैकी १२५ गुण पहिल्या भाषेचे, मराठीचे, तिथं आमची मुलं चमकायची आणि पुढं कॉलेजात पहिल्या सहामाहीला गप्प बसायची. शाळेनं शनिवारचा एक तास त्यासाठी धरला. त्यात जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्याचे कन्नड अर्ज भरायचे, बँकेची स्लिप लिहायची, हेस्कॉमचं विजेचं बिल वाचायचं. विज्ञानाच्या सरांनी वर्गाच्या भिंतीवर मराठी आणि इंग्रजी शब्दांचा तक्ताच लावून टाकला. मराठी शाळेनं कन्नड शिकवण्यात इतकी मेहनत घ्यावी का, असं गावात काहींनी विचारलं. मला वाटतं शाळेचं बरोबर होतं. आपल्या भाषेवर ज्याचं प्रेम आहे त्यानं कचेरीत मान खाली घालून उभं राहू नये, म्हणून तर हे.

त्याची परीक्षा गॅदरिंगलाच झाली. बीईओ, म्हणजे तालुक्याचे शिक्षणाधिकारी, साहेब पाहुणे होते, भाषण कन्नडमध्ये. सूत्रसंचालन नववीतल्या मुलीकडं. साहेब दोन वाक्यं बोलले की ती माईक घेऊन मराठीत सांगायची. एका ठिकाणी ती अडली, साहेबांकडं वळून कन्नडमध्येच म्हणाली, पुन्हा एकदा सांगा सर. साहेबांनी हळू सांगितलं, तिनं नीट मांडलं. मागं बसलेला तिचा बाप उठून उभाच राहिला.

शाळेच्या मंत्रिमंडळाची निवडणूकही अशीच रुळत गेली. आधी सर नेमतील तो मुख्यमंत्री. पुढं चिठ्ठ्या, मतपेटी, बोटाला शाई, आणि गॅदरिंगला मंत्र्यांनी उभं राहून वर्षाचं काम सांगायचं. पाणीमंत्र्याला टाकी का धुतली नाही हे आठवीच्या पोरानं भर मंडपात विचारलं होतं. देशात मताचं वय १९८९ पासून १८ आहे, हे हेडसर दहावीला दर वर्षी सांगायचे.

एक गोष्ट मात्र अजून व्हायची आहे. नववीतच शाळा सोडून गोव्याला गेलेली पोरं कुठल्याच अहवालात येत नाहीत, कारण अहवाल दहावीपासून सुरू होतो. ती आपलीच आहेत. गणपतीला गावी येतात, तेव्हा त्यांना गाठून बाहेरून परीक्षेला बसवता येईल, असं माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत ठरलंय. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेला आमचा एक वर्गमित्र भरतीच्या पोरांना पहाटे पळवतो, दुसरा वायरमन आहे, तो मुलामुलींना फ्यूज बांधायला शिकवतो. दोघांनीही यात यायचं कबूल केलंय.

यंदाच्या गॅदरिंगला मेट्रिक मेळ्याच्या बाजूलाच आम्ही एक टेबल टाकणार आहोत. पी.यू.सी., आयटीआय आणि डिप्लोमाला कुठले दाखले लागतात, कुठल्या कचेरीत मिळतात, ते तिथं सांगू आणि अर्ज तिथंच भरून देऊ. गोव्यातल्या पोरांच्या घरच्यांनी आपल्या पोराचा फोन नंबर लिहून आणावा. आणि अहवालवाचनापर्यंत थांबावं, या वेळी नववीचंही पान आहे.