घोडीचं एक वर्ष

रायबागकडच्या एका वस्तीवर शर्यतीची घोडी गाभण आहे का ते बघायला गेलो होतो. घोडागाडीच्या शर्यतीत तिनं मालकांचं नाव पंचक्रोशीत केलेलं. आता पायाच्या शिरेमुळं बसून होती. मालकांच्या तोंडी मात्र जिच्यावर सोडला त्या घोड्याचंच कौतुक. त्याचं खानदान, त्याची शिंगरं, घोडी भरवायला, म्हणजे गाभण करून घ्यायला मोजलेले पैसे. घोडी म्हणजे जणू नुसती पिशवी.

घोडी भरवून पंधरा दिवस झालेले. सोनोग्राफीच्या पडद्यावर एक काळा गोल दिसला. जरा पुढं गेलो तर दुसरा.

"जुळं? मग डबल फायदाच की वो डॉक्टर!"

घोडीत जुळं म्हणजे संकट. शिंगराला पोसणारी वार जवळजवळ अख्ख्या गर्भाशयाला चिकटते. ती जागा दोघांत वाटली की कुणालाच पुरत नाही. बहुतेक वेळा घोडी गाभडते, कधी तिच्याही जिवावर बेततं. दोन्ही गोल एका जागी रुतायच्या आत एक फोडायलाच हवा होता.

"एवढ्या नामी घोड्याचं बीज फोडायचं?"

इथं माझा आवाज चढला. नामी घोडा वर्षाला शंभरावर घोड्या भरवतो. चार शिंगरं पळाली की त्याचं नाव होतं. न पळालेली कोण मोजतो? घोडी अकरा महिन्यांनी एकच देते. रक्त दोघांचं निम्मं-निम्मं, पण पोट आणि दूध तिचं. 1938 साली केंब्रिजमध्ये वॉल्टन आणि हॅमंड यांनी थोराड शायर आणि बुटक्या शेटलंड घोड्यांचा उलटसुलट संकर केला, एकदा आई शायर, एकदा आई शेटलंड. शायर आईचं शिंगरू शेटलंड आईच्या शिंगरापेक्षा जन्मतःच सुमारे तिप्पट वजनाचं! अर्बन सी या घोडीची तर वेगवेगळ्या बापांची दोन पोरं इंग्लंडची डर्बी शर्यत जिंकली, गॅलिलिओ 2001 मध्ये आणि सी द स्टार्स 2009 मध्ये. अर्थात पळणारी प्रत्येक घोडी अशी निघत नाही. म्हणून तिच्या आईची बाकीची पोरं बघायची.

"हिची आई कोण?"

घोड्याचे कागद कपाटात जपलेले. घोडीचं एवढंच ठाऊक, की चिंचलीच्या जत्रेत घेतली. बाजेवरून म्हातारबा बोलले, "आई अथणीकडची. हिची एक भण अजून पळतीया तिकडं."

लहान गोल दाबून फोडला. महिन्याच्या सुमाराला उरलेल्याचा ठोका दिसला. तोवर मालक अथणीला जाऊन त्या बहिणीची किंमत विचारून आले होते, आणि आकडा ऐकून चहासुद्धा न घेता परतले होते.