नव्याने बांधलेल्या पियानोवर नाव कोणाचे?

मडगावजवळच्या एका पोर्तुगीजकालीन घरातून आम्ही ब्लुथनर बनावटीचा जुना उभा पियानो विकत घेतला. इथल्या दमट हवेने त्याचा साउंडबोर्ड, म्हणजे आवाज घुमवणारी लाकडी फळी, तडकला होता, तारा गंजल्या होत्या आणि खुंट्या सैल पडल्यामुळे सूर टिकत नव्हता. हे सारे नवे बसवून झाले. खरा पेच पडला तो पॉलिशच्या वेळी.

पट्ट्यांवरच्या झाकणाचे जुने पॉलिश खरवडताना त्यावरची कारखान्याच्या नावाची सोनेरी अक्षरेही निघून गेली. अशी अक्षरे ट्रान्सफरच्या, म्हणजे लाकडावर उतरवायच्या छापाच्या रूपात तयार मिळतात, त्यामुळे ‘याहून मोठे नाव लावू, विकताना भाव येईल’ असे कारागिराने अगदी सहज सुचवले. ही उघड फसवणूक होती, म्हणून मी नकार दिला. शिवाय आतल्या ओतीव लोखंडी चौकटीवर मूळ नाव आणि क्रमांक ठळक उठलेले होते, ते जाणकाराच्या नजरेतून थोडेच सुटणार होते?

मात्र मूळ नाव तरी पुन्हा लावावे का, हा प्रश्न त्याहून अवघड होता. ब्लुथनर हा जर्मनीतील लाइपझिगमध्ये 1853 साली सुरू झालेला कारखाना. पण आवाज ज्यातून घुमतो तो साउंडबोर्डच आता त्याचा राहिला नव्हता. स्टाइनवे ही पियानो बनवणारी दुसरी कंपनी तर आपले सुटे भाग नसलेल्या पियानोला आपला मानायलाच तयार नसते. आपल्याकडील 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्याचे कलम 30 मी वाचून काढले. रीतसर घेतलेली वस्तू तिच्या मूळ चिन्हासह पुन्हा विकता येते, परंतु वस्तूची स्थिती बदललेली असल्यास चिन्हाच्या मालकाला हरकत घेता येते, असे त्यात आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1947 मध्ये दुरुस्त केलेल्या चॅम्पियन कंपनीच्या स्पार्क प्लगवर (इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या भागावर) मूळ नाव राहू दिले, पण त्यांवर दुरुस्तीचा स्पष्ट उल्लेख हवा, अशी अट घातली. मला हा मार्ग पटला.

त्यानुसार झाकणावर मूळ नावच पुन्हा लावले. कारागिराला स्वतःचे नावही दर्शनी भागावर हवे होते. ते मी वरच्या झाकणाच्या आत पितळी पाटीवर घालायला लावले आणि त्याखाली दुरुस्तीचे वर्ष, बदललेले भाग व नव्या तारांची जाडी कोरून घेतली. सूर लावायला येणाऱ्या माणसाला त्या शेवटच्या ओळीचाच अधिक उपयोग होतो.