तुम्ही विचारलेत म्हणून : किती दिवस झाले?

मी लैंगिक व्यसनातून आणि पॉर्नच्या विळख्यातून बाहेर पडतो आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांतील बहुतेक जण ओळख थोडी वाढली की एकच प्रश्न विचारतात : "किती दिवस झाले?" विचारणारा बहुधा स्वतःच यात अडकलेला असतो. त्याला माझा आकडा हवा असतो तो माझे कौतुक करण्यासाठी नव्हे, तर आपल्याला अजून किती सोसायचे आहे याचा अदमास घेण्यासाठी. त्यामुळे हा प्रश्न मी कधीही उडवून लावत नाही. मात्र आकडा सांगत नाही, कारण गेली चार वर्षे मी दिवस मोजलेले नाहीत आणि त्याआधीची सहा वर्षे दुसरे जवळजवळ काहीच मोजले नव्हते.

त्या सहा वर्षांत माझ्या डायरीत दर दिवसाला एक बारीक खूण असे. नव्वद दिवसांचा संकल्प मी किती वेळा सोडला याची गणती नाही. सतराव्या दिवशी, एकेचाळिसाव्या दिवशी, एकदा तर अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी मी घसरलो. प्रत्येक वेळी घसरणीपेक्षा तिच्या नंतरचे तास अधिक भयंकर ठरले. पाच मिनिटांची चूक पाच मिनिटांवर थांबत नसे. आकडा शून्यावर आलाच आहे, मग आजची रात्र गेलीच, उद्यापासून पुन्हा पहिला दिवस, असे मन स्वतःला समजावी आणि पहाट होईपर्यंत मी पडद्यासमोर असे. ॲलन मार्लॅट आणि ज्युडिथ गॉर्डन या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली, मुख्यतः दारूच्या व्यसनाच्या संदर्भात, नेमके हेच वर्णिले आहे : संपूर्ण वर्ज्य करण्याचा नियम एकदा मोडला की माणूस त्या एका चुकीचे खापर आपल्या स्वभावावर फोडतो, आणि 'मी असाच आहे' या निष्कर्षाच्या भाराखाली किरकोळ घसरणीचे पूर्ण पतन होते. हे मी वाचले तेव्हा माझ्या डायरीतील त्या खुणा मला निराळ्या दिसू लागल्या. मी त्यांना आधार समजत होतो, पण प्रत्येक वेळी पहिल्या पायरीवरून थेट तळापर्यंत मला नेण्यात त्यांचाही हात होता.

याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. आकडा मोठा झाला की तो गमावण्याची भीती वाटू लागते, आणि ती भीती माणसाला खोटे बोलायला लावते. माझ्या पहिल्या समुपदेशकांना मी एकदा बावन्न दिवस झाल्याचे सांगितले, तेव्हा प्रत्यक्षात तीन झाले होते. ज्यांच्याकडे मी केवळ खरे बोलण्यासाठी पैसे देऊन जात होतो, त्यांच्याशीच मी खोटे बोललो, आणि तेही बरे होत असल्याचा पुरावा म्हणून.

नव्वद दिवसांनी मेंदू 'पूर्ववत' होतो असे अनेक जण छातीठोकपणे सांगतात, म्हणून तेवढे एक नोंदवतो. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लंडनमधील अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. जेवणासोबत फळ खाणे किंवा पाणी पिणे अशी एखादी साधी नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात आणि व्यक्तीव्यक्तीनुसार हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलतो, असा त्यांचा अंदाज होता. पाणी पिण्याची सवय लागण्यातच एवढे अंतर असेल, तर वीस वर्षे मुरलेली सवय सर्वांच्या बाबतीत एकाच ठरलेल्या दिवशी सुटेल, यावर मी विश्वास ठेवू शकत नाही.

हे 'व्यसन' आहे की नाही, याविषयी तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणाला २०१९ साली मान्यता मिळाली आणि १ जानेवारी २०२२ पासून ते लागू झाले. त्यात अनिवार लैंगिक वर्तनाच्या विकाराला स्थान आहे, पण ते व्यसनांच्या यादीत नसून आवेगांवर ताबा न राहण्याच्या विकारांत आहे. मी व्यसन हा शब्द वापरतो, कारण मला जे भोगावे लागले त्याला दुसरा शब्द मला सापडत नाही. परंतु त्या वर्गीकरणातील दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. पहिली अशी की दिवसाला किती तास किंवा आठवड्याला किती वेळा, असा कोणताही आकडा त्यात दिलेला नाही. सहा महिने किंवा अधिक काळ ताबा सुटलेला आहे का, प्रकृती आणि जबाबदाऱ्या मागे पडल्या आहेत का, नुकसान दिसत असूनही किंवा समाधान उरलेले नसूनही ते चालूच आहे का, एवढेच तेथे विचारले आहे. दुसरी अशी की केवळ नैतिक अपराधभावामुळे होणारा त्रास या निदानाला पुरेसा मानलेला नाही. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी काही जण, विशेषतः विशीतील मुले, महिन्यातून एखाददुसऱ्या वेळी पॉर्न पाहतात आणि स्वतःला रोगी समजून रात्र रात्र तळमळतात. त्यांना उपचारांची नव्हे, तर हा विषय ज्याच्यापाशी शरमेशिवाय बोलता येईल अशा एखाद्या जाणत्या माणसाची गरज असते, असे मला मनापासून वाटते.

'समाधान उरलेले नसूनही' हे शब्द वाचताना मी बराच वेळ थांबलो होतो. शेवटच्या वर्षांत मला त्यातून सुख मिळत नव्हते. मी पाहत नव्हतो, शोधत होतो. एकामागून एक पाने उघडत जायची, यापेक्षा पुढचे बरे असेल या आशेने आधीचे अर्धवट सोडायचे, आणि अखेरीस हाताला लागायचा तो केवळ थकवा. केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी १९९३ साली मांडले होते की मेंदूत हवेसे वाटणे आणि आवडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि व्यसनात पहिली वाढत जाते, दुसरी मात्र वाढत नाही. केंब्रिजमध्ये व्हॅलरी व्हून यांनी २०१४ साली अनिवार लैंगिक वर्तन असलेल्या १९ पुरुषांची तेवढ्याच संख्येच्या निरोगी पुरुषांशी तुलना केली, तेव्हा अशा चित्रफितींबद्दल त्यांची ओढ अधिक आढळली, आवड मात्र तितक्या प्रमाणात अधिक आढळली नाही. अभ्यास लहान होता. तरीही आपण पाशवी सुखासाठी सर्वस्व पणाला लावले असे मानून मी स्वतःची जी घृणा करीत होतो, ती त्यामुळे थोडी सैल झाली. शिवाय एक गोष्ट उमगली. ही ओढ एकटेपणा, भांडण, जागरण, हातातला फोन अशा खुणांनी जागी होते. आज कितवा दिवस आहे, हे त्या खुणांना ठाऊक नसते.

आता जे सांगायचे आहे, ते मला सर्वांत अवघड जाते. माझे व्यसन पडद्यापुरते राहिले नव्हते. अनोळखी व्यक्तींशी रात्री उशिरापर्यंत गप्पा आणि पुढे काही भेटी, इथवर ते गेले होते. माझ्या पत्नीला एके दिवशी फोनवर एक संदेश दिसला आणि तिने विचारले. मी कबूल केले, पण तेवढेच, जेवढे तिने पाहिले होते. पॉर्नविषयी सांगितले, गप्पांविषयी सांगितले, भेटींविषयी नाही. तिने तीन आठवडे स्वतःला सावरले, आणि मग मला राहवेना म्हणून मी एका भेटीविषयी सांगितले. ती पुन्हा पहिल्यापासून कोसळली. दोन महिन्यांनी उरलेले सांगितले. प्रत्येक वेळी मी तिला 'आता सगळे सांगून झाले' असे म्हटले होते, आणि तेच तिच्या मनातून जात नव्हते. पुढे ती एकदा म्हणाली, "तू काय केलंस ते मी कदाचित समजून घेईन. पण तू तीनदा म्हणालास की संपलं, आणि तीनदा मी विश्वास ठेवला. ते मी कुठे ठेवू?"

या क्षेत्रातील जाणकार समुपदेशक अशा कबुलीची तयारी आधी करून घेतात. जोडीदाराला किती तपशील ऐकायचा आहे ते विचारतात, सर्व काही लिहून काढायला लावतात, आणि मग त्यांच्या उपस्थितीत ते एकदाच, संपूर्ण सांगितले जाते. माझ्या पत्नीला लैंगिक आजारांच्या तपासण्या करून घ्याव्या लागतील, हे तर पहिल्याच दिवशी सांगणे माझे कर्तव्य होते. मी ते अडीच महिन्यांनी सांगितले. हे वाचणाऱ्या कोणावर ती वेळ आली असेल, तर त्याने निदान तपासणीची गोष्ट तरी आजच सांगावी. दोघांच्याही तपासण्या निर्दोष आल्या. त्यात माझे श्रेय काहीच नाही.

त्यानंतर मी एका स्वमदत गटात जाऊ लागलो. १९३५ साली दारूच्या व्यसनींनी अमेरिकेत सुरू केलेल्या गटाच्या बारा पायऱ्यांच्या पद्धतीवर लैंगिक व्यसनासाठीचे गट १९७० च्या दशकात उभे राहिले, त्यांच्यापैकीच हा एक. तेथेही दिवस मोजतात आणि अनेकांना त्याचा खरोखर उपयोग होतो, त्यांच्याविषयी मला आदरच आहे. मला मात्र तेथील एका वयस्कर गृहस्थांच्या प्रश्नाने वाचवले. मी खाली मान घालून घसरल्याचे सांगितले, तेव्हा त्यांनी कितवा दिवस होता हे विचारलेच नाही. त्यांनी विचारले, "घसरलास ते कधी, आणि मला सांगतो आहेस ते कधी?"

मी हिशेब केला. तेवीस दिवस झाले होते. "मग पुढच्या वेळी बावीस कर," असे ते म्हणाले.

त्या दिवसापासून मी हेच अंतर मोजतो. पुढच्या वेळी ते नऊ दिवसांवर आले, मग चार, मग दोन. एकदा पुन्हा पंधरा झाले, पण तरीही सांगितले. मग तीच रात्र. घसरणी लगेच कमी झाल्या नव्हत्या, हे स्पष्ट लिहितो. आधी लपवणे कमी झाले, आणि त्याच्या मागोमाग, बऱ्याच महिन्यांनी, घसरणी विरळ होत गेल्या. लपवलेल्या दिवसांतच मी पुन्हा पुन्हा घसरत असे, हे मला तेव्हा कळले. सुमारे दीड वर्षाने एका रात्री मी त्यांना फोन केला आणि म्हणालो की अजून काही घडलेले नाही, पण तलफ आली आहे. ते बोलत राहिले, त्यांच्या गुडघेदुखीविषयी. वीसेक मिनिटांनी माझ्या लक्षात आले की ती ओसरली आहे. तलफ लाटेसारखी चढते आणि तिच्याशी झुंज न घेता तिच्याकडे पाहत राहिले तर उतरते, हे मार्लॅट यांनीही शिकवले होते. मी ते कित्येक वर्षे आधी वाचले होते. पण एकट्याने ती लाट उतरेपर्यंत थांबणे मला एकदाही जमले नव्हते.

बाकीच्या उपायांविषयीही लोक विचारतात. फोन रात्री झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवतो. संकेतस्थळे अडवणारे सॉफ्टवेअर आहे, त्याचा पासवर्ड त्या गृहस्थांकडे आहे. मानसोपचारतज्ज्ञांनी माझ्या नैराश्यावर औषधे दिली, त्यांचाही मोठा वाटा आहे. 'तो विचार मनात आणायचाच नाही' या निश्चयाचा मात्र काडीचा उपयोग झाला नाही. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास लोकांना सांगितले, तेव्हा ते अस्वल त्यांच्या मनात वारंवार येत राहिले. माझेही तेच झाले.

सुरुवातीच्या उत्साहात मी प्रत्येक तलफ पत्नीलाही सांगू लागलो होतो. आपण किती प्रामाणिक झालो आहोत याचा मला अभिमान वाटत असे. एका रात्री तिने मला थांबवले. माझे ओझे उतरत होते आणि ते तिच्या उशाशी येऊन पडत होते, हे मला दिसलेच नव्हते. तिच्या समुपदेशकांच्या मदतीने आम्ही एक करार केला : तलफ आली तर ती गटातील मित्राला सांगायची, घसरण झाली तर ती तिला चोवीस तासांच्या आत, तिने न विचारता सांगायची. तपशील तिने मागितला तरच द्यायचा. तिला काही बोलायचे नसेल तर मी तिच्या उत्तरासाठी थांबायचे नाही.

त्या कराराखालची शेवटची नोंद गेल्या पावसाळ्यातील आहे. अंतर चाळीस मिनिटे. ती दिवा मालवून पडली होती, झोपलेली नव्हती. मी दारात उभे राहून एका वाक्यात सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "आत्ता नको. सकाळी बोलू."

सकाळी आम्ही बोललो.