अठ्ठावीस की चौऱ्याऐंशी?

कोव्हिशिल्ड या कोविडच्या लसीच्या एका व्हायलमध्ये, म्हणजे कुपीत, दहा डोस. एकदा फोडली की चार तासांत संपवायची, उरलं ते टाकून द्यायचं आणि वाया गेलेल्या डोसांचा जाब संध्याकाळच्या रिपोर्टमध्ये द्यायचा. म्हणून जुलै 2021 च्या दुसऱ्या आठवड्यात, दाभोळ खाडीकाठच्या एका मोहल्ल्यात, उर्दू शाळेच्या व्हरांड्यात मी लसीचा बंद कॅरियर शेजारी ठेवून नुसतीच बसले होते. समोर तिघंच जण, तिन्ही पुरुष. त्यातल्या एकाला लस नकोच होती, बीपी तपासून हवं होतं.

सत्राचा दिवस आम्ही विचार करून ठरवला होता. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर झापांखाली. नाखवा, तांडेल, खलाशी सगळे घरात. अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली होती आणि 2 जुलैला गरोदर बायकांनाही द्यायला केंद्रानं परवानगी दिली होती. साठाही बऱ्याच दिवसांनी बरा आला होता. आशाताई घरोघर फिरून आली होती, मशिदीच्या भोंग्यावरून पुकारा झाला होता, शाळेच्या भिंतीवर पोस्टर होतं. पोस्टरवरचं कुटुंब हसत होतं. पावसानं त्यातल्या बाबांचं डोकं सुटून लोंबत होतं.

आढावा बैठकांत अशा वस्त्यांबद्दल एक ठरलेलं वाक्य ऐकायला मिळायचं: लोक अडाणी आहेत, व्हॉट्सअॅपवर विश्वास ठेवतात. या मोहल्ल्यात घराआड एक माणूस कुवेतला नाहीतर सौदीला आहे. लसीच्या बातम्या इथं माझ्या आधी पोचायच्या. फायझर कुठे, ॲस्ट्राझेनेका कुठे चालते, कोव्हॅक्सिन सौदीत का धरत नाहीत, हे मला इथल्या पोरांनीच सांगितलं होतं.

अकरा वाजत आले तसं आशाताई म्हणाली, "सिस्टर, बायका शाळेत यायच्या नाहीत. तुम्हीच चला खालांकडे."

कॅरियर आरोग्य सेवक दादांच्या हवाली करून आम्ही निघालो. खालांच्या, म्हणजे मावशींच्या, ओटीवर सुकटीचा वास कोंडलेला. पावसामुळे बोंबील, सोडे सगळं आत घेतलेलं. सात महिन्यांची पोटुशी सून दाराशी, आत माजघरात आणखी सात-आठ जणी. खालांनी आधी चहा दिला, मग विचारलं. त्या त्यांच्या कोकणीत बोलल्या, मी माझ्या मराठीत लिहिते.

"सिस्टर, मे महिन्यात तुम्हीच सांगून गेलात, पोटुशीला लस नाय द्यायची. आता तुम्हीच सांगता, द्यायची. तेव्हा खोटं बोललात की आता?"

मी तोंड उघडायच्या आत दुसरा प्रश्न. "माझ्या मधल्याला सौदीला जायचं होतं. त्याला अठ्ठावीस दिवसांत दुसरी सुई दिली. आमच्या शेजारणीला सांगता चौऱ्याऐंशी दिवस थांब. गल्फला जाणाऱ्याचं रक्त वेगळं असतं काय?"

माजघरात हशा पिकला. मलाही हसू आलं, कारण त्यांचा एकही मुद्दा चुकीचा नव्हता. सुरुवातीला दोन डोसांमधलं अंतर चार ते सहा आठवडे होतं. मार्चमध्ये सहा ते आठ झालं, मेमध्ये बारा ते सोळा. मग जूनमध्ये नोकरी-शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांना अठ्ठावीस दिवसांनी देण्याची सवलत आली. आमच्याकडे दर वेळी नवं पत्र यायचं, जुनं पोस्टर काढून नवं लावलं जायचं. कारण कुठल्याच पोस्टरवर नसायचं. मेमध्ये लसीचा तुटवडा होता, त्यामुळे लोकांनी स्वतःच कारण लावून घेतलं: माल नाही म्हणून तारखा पुढे ढकलतायत. मला विचाराल तर ही शंका अडाणीपणाची नव्हती. उलट, आम्ही काय काय बोलून गेलो ते त्यांनी नीट लक्षात ठेवलं होतं.

मग मी सुरुवातीपासून सांगायला बसले. लस आधी हजारो माणसांवर तपासली, पण त्यात गरोदर बायका घेतल्या नव्हत्या. म्हणून तेव्हा खात्रीनं सांगण्यासारखं हातात काही नव्हतं, आणि माहीत नसताना पोटुशीला सुई टोचायची नाही, हे तुम्हालाही पटेल. नंतर बाहेरच्या देशांत गरोदर बायकांनी लस घेतली, त्यांच्या नोंदी आल्या. दुसऱ्या लाटेत हेही दिसलं की गरोदरपणी कोविड झाला तर तो जास्त जोरात होऊ शकतो, दिवस भरायच्या आधी बाळंतपण होऊ शकतं. मग तराजू दुसरीकडे झुकला. अंतराचंही तसंच. परदेशातल्या चाचण्यांत दोन डोस सहा आठवड्यांच्या आत दिले तेव्हा सुमारे 55 टक्के बचाव दिसला, बारा आठवड्यांनी दिले तेव्हा सुमारे 81 टक्के. अठ्ठावीस दिवसांचा डोस वाया जात नाही, पण थांबता येत असेल तर थांबलेलं बरं. सौदीला जाणाऱ्याला थांबता येत नाही, नोकरी जाते.

खालांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे लोणचं चार दिवसांनी पण खाता येतं, पण मुरलेलं चांगलं."

यापेक्षा बरं मला सांगता आलं नसतं. त्यानंतर कितीतरी घरांत मी हेच लोणचं वाढलं.

आता प्रश्नांचा ओघच सुरू झाला. पाळीच्या आधी पाच दिवस आणि नंतर पाच दिवस लस घ्यायची नाही, असा मेसेज एप्रिलपासून सगळ्या बायकांच्या फोनमध्ये फिरत होता. तसलं काही नाही, हव्या त्या दिवशी घ्या, हे मी सांगितलं. एका लग्न ठरलेल्या मुलीनं भावजयीच्या कानात काहीतरी कुजबुजून मला विचारायला लावलं: पुढे मूल होईल ना? होईल, लसीचा त्याच्याशी संबंध नाही. एवढ्यात उर्दू शाळेचे मास्तर ओटीच्या पायरीशी येऊन उभे राहिले. लसीत डुकराचं काही आहे का, ही बाहेर बसलेल्या पुरुषांची शंका. माझ्याजवळ खोक्यातला माहितीचा कागद होता. त्यातली घटकांची यादी मी मोठ्यानं वाचली: हिस्टिडिन, मॅग्नेशियम क्लोराईड, पॉलिसॉर्बेट 80, इथेनॉल, साखर, मीठ, ईडीटीए, पाणी. डुकरापासून बनू शकणारं जिलेटिन नाही. मास्तर विज्ञान शिकवणारे, त्यांनी बरोबर पकडलं. "इथेनॉल म्हणजे अल्कोहोलच की." हो, म्हटलं, अगदी नाममात्र असतं, पण आहे. त्यांनी तिथूनच मौलानांना फोन लावला. औषधात एवढ्याशा अंशाला हरकत नाही, असं उत्तर आलं, आणि मास्तर बाहेर जाऊन तेच सांगून आले. तो शब्द मी गाळला असता आणि कागद नंतर कुणी वाचला असता, तर तो मोहल्ला माझ्यापुरता कायमचा बंद झाला असता.

खरी गाठ पुढेच होती. मघापासून कोपऱ्यात बसून सुपारी कातरणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई अडकित्त्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "लस घेतली की ताप येतो. ताप आला की तपासणी. तपासणीत निघाला की गाडी येते. गाडीतून गेलेलं माणूस मातीला मिळत नाय."

कुणी काही बोललं नाही. ही भीती कुठून आली ते मला माहीत होतं. मार्च 2020 च्या अखेरीस मुंबईत एक परिपत्रक निघालं होतं, धर्म कोणताही असो, कोविडचा मृतदेह दहनच करायचा. काही तासांत ते मागे घेतलं गेलं, पण मागे घेतल्याची बातमी पहिल्या बातमीइतकी लांब पोचली नाही. पाठोपाठ दिल्लीच्या मरकजचं प्रकरण, तबलिगी जमातीच्या मेळाव्यातून कोविड पसरला म्हणून सगळ्या समाजावर बोट. कोकणातही काही गावांत मुसलमानांकडून भाजी-मासळी घ्यायची नाही म्हणून बोललं गेलं. परदेशी तबलिगींवरचे काही गुन्हे ऑगस्ट 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं रद्द केले, तेही कुणी भोंग्यावरून सांगितलं नाही. त्यानंतर हातात यादी घेऊन दारात येणारं कुणीही या बायकांना सारखंच वाटणार. त्यात मीही आलेच.

मी त्यांची साखळी एकेका कडीनं सोडवली. लसीनंतर दिवस-दोन दिवस ताप येऊ शकतो, हात दुखतो, पॅरासिटामॉल घ्या. तेवढ्या तापासाठी कुणाला उचलून नेत नाहीत. ताप जास्त दिवस राहिला किंवा दम लागला तर मला किंवा आशाताईला फोन करा. आणि माणूस गेलंच तर दफन करता येतं, केंद्राच्या मार्च 2020 च्या सूचनांतच ते आहे. गुसल, म्हणजे मृताला अंघोळ, देता येत नाही, हे मी लपवलं नाही. त्यावर खालाच म्हणाल्या, तयम्मुम, म्हणजे पाण्याऐवजी मातीनं शुद्धी, करतात, तालुक्याच्या जमातीची पोरं पीपीई घालून दफन करत होती, त्यांच्या भाच्यानंच सांगितलं होतं. हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. पण घराघरांतली भीती एकमेकींसमोर कधी बोललीच गेली नव्हती, तर उत्तर देणार कोण?

अडकित्त्यावाल्या आजी पहिल्या उठल्या.

पुढचे दोन तास शाळेच्या व्हरांड्यात नुसती धांदल. पहिली व्हायल फोडून लेबलवर वेळ लिहिली. सुई आधी कुणाला टोचलेली तर नाही ना, या शंकेवर एकदाच वापरता येणारी एडी सिरिंज सगळ्यांसमोर पाकिटातून काढून दाखवली. एकदा दांडा दाबला की तो अडकतो, पुन्हा ओढता येत नाही. एका पोरीनं वापरलेल्या सिरिंजचा दांडा स्वतः ओढून बघायचा हट्ट धरला. सुई तर आधीच ती कापणाऱ्या हब कटरमध्ये गेली होती, म्हटलं, ओढ. नाहीच हलला. मग लसीच्या ऑनलाइन नोंदणीची, कोविनची कटकट. एका नंबरवर चौघांची नोंद व्हायची आणि बऱ्याच घरांत तो नंबर गल्फमधल्या मुलाचा. ओटीपी जायचा कुवेतला, तिथला मुलगा रात्रपाळी करून झोपलेला. "उठ रे, आकडे सांग!" म्हणून व्हरांड्यातून आयांचा आरडाओरडा. दुसरी व्हायलही फोडावी लागली.

खालांच्या सुनेनं लस घेतली. खालांनी नाही घेतली. "बकरी ईद होऊ दे," म्हणाल्या. ईद होती 21 जुलैला. 22 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात घुसलं आणि आमची माणसं, औषधं, गाड्या सगळं तिकडे वळलं. मोहल्ल्यातलं पुढचं सत्र ऑगस्टवर गेलं.

मधल्या काळात मी आमच्या पोस्टरांखाली मार्करनं तारीख आणि एक ओळ लिहायला लागले: 'आज आम्हाला एवढं माहीत आहे. बदललं तर कारणासकट सांगू.' मास्तरांनी तीच ओळ उर्दूत लिहून दिली. एका वरिष्ठांनी विचारलं, अशानं लोकांचा विश्वास उडणार नाही का? मी त्यांना त्या ओटीवर या म्हटलं. ते काही आले नाहीत, आणि ओळ पुसा असाही आदेश आला नाही.

ऑगस्टच्या सत्राला खाला शाळेच्या व्हरांड्यात आल्या. दंड पुढे करायच्या आधी भिंतीवरची तारीख मास्तरांकडून वाचून घेतली आणि मला विचारलं, "चौऱ्याऐंशीच आहे ना अजून?"