पिल्लू वांड नाहीये, त्याला झोप आलीये

रोज संध्याकाळी सातच्या सुमारास तुमचं नवीन कुत्र्याचं पिल्लू हॉल ते बेडरूम सुसाट पळतं, पडदे ओढतं, पायाला चावतं, मधेच थांबून सतरंजीवर शू करतं आणि परत पळायला लागतं, असं ज्यांच्या घरी चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. सगळे सांगतात की याच्यात एनर्जी फार आहे, याला अजून पळवा, दमवा, बॉल टाका. आमच्याही सोसायटीत प्रत्येकाने हेच सांगितलं. पण दोन-अडीच महिन्यांचं पिल्लू दिवसाचे १८ ते २० तास झोपायला हवं असतं आणि आपल्या घरात माणसांची ये-जा, टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या, शेजारची मुलं "आम्ही पिल्लू बघायला येऊ का काकू" म्हणत येणार, त्यात त्याची निम्मी झोपसुद्धा होत नाही. लहान बाळ झोपेला आलं की कसं किरकिर करतं तसंच हे आहे, फक्त याला दात आहेत.

आमची बुंदी इंडी आहे, म्हणजे आपलं गावठीच. कोथरूडला आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये जन्मली आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाला तेव्हा वर चौथ्या मजल्यावर आमच्याकडे आली. डायनिंग टेबलाच्या बाजूच्या कोपऱ्याला आम्ही प्लास्टिकच्या जाळीचं कुंपण केलं, आत जुनी गोधडी, पाण्याचं जड भांडं जे तिला उलटं करता येणार नाही, आणि बस्स. तासभर जागी राहिली की तिला तिथे ठेवायचं, दिवा बंद, जवळ कुणी जायचं नाही. सुरवातीला थोडी कुईकुई करायची, आम्ही शेजारी बसून राहायचो पण खेळवायचो नाही, मग स्वतःच गोधडी पुढच्या पायांनी उकरून उकरून गोळा करायची, त्यावर दोन गोल फेऱ्या मारायची आणि धपकन पडून घोरायला लागायची. दुपारच्या झोपा नीट व्हायला लागल्या आणि संध्याकाळचं ते वेड निम्म्यावर आलं, चावणंही कमी झालं. म्हणून मी तरी सगळ्यांना सांगते की शी-शूचं ट्रेनिंग नंतर, आधी झोपेचं टाइमटेबल लावा, कारण पिल्लू कधी झोपतं आणि कधी उठतं हे आपल्याला माहीत असेल तरच शू कधी येणार हे कळतं.

आणि ते कळणं तसं अवघड नाही. झोपेतून उठल्या उठल्या, खाल्ल्यावर साधारण १० ते २० मिनिटांत, खेळता खेळता मधेच, आणि घरी कुणी आलं की आनंदाने. ढोबळ हिशोब असा धरतात की पिल्लाचं जितक्या महिन्यांचं वय त्यात एक मिळवायचा, तेवढे तास ते जास्तीत जास्त रोखू शकतं, म्हणजे दोन महिन्यांचं असेल तर तीन तास, पण ही अगदी शेवटची मर्यादा आहे, जागं असताना खरं तर तासातासाला न्यावं लागतं. रात्री अलार्म लावायचा, न बोलता उचलून न्यायचं, झालं की परत गोधडीवर, रात्री अजिबात खेळ नाही नाहीतर पहाटे तीन ही खेळायची वेळ आहे असं त्याचं पक्कं होतं. येण्याच्या खुणाही असतात, बुंदी खेळणं तोंडातून टाकून द्यायची, नाक जमिनीला लावून भराभर हुंगत जायची आणि लहान गोलात फिरायची, त्या क्षणी उचलायचं, हाक मारत बसायचं नाही.

आता उचलून न्यायचं कुठे हा फ्लॅटवाल्यांचा खरा प्रश्न. लस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला खाली रस्त्यावर सोडायचं नाही कारण पार्वो. हा व्हायरस आजारी कुत्र्याच्या शीतून पसरतो आणि मातीत कित्येक महिने जिवंत राहतो, आणि लस न झालेल्या पिल्लाला झाला तर उलट्या आणि रक्ताची जुलाबं होऊन दोन-तीन दिवसांत पिल्लू हातातून जाऊ शकतं. लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने साधारण १६ आठवड्यांपर्यंत चालतात, रेबीजची तीन महिन्यांच्या आसपास. तेवढा काळ काढायचा कसा? आम्ही नर्सरीतून लॉनचा एक चौकोनी तुकडा आणला, मातीसकट, आणि प्लास्टिकच्या मोठ्या पसरट ट्रेमध्ये घालून बाल्कनीत ठेवला. वास यायला लागला की तुकडा बदलायचा, स्वस्तात मिळतो. पायाखाली गवत लागलं की शू करायची हे एकदा डोक्यात बसलं की नंतर खाली मैदानात गेल्यावर वेगळं शिकवावं लागत नाही, तिला गवत दिसलं की आपोआप बसायची.

पेपर पसरायचा सल्ला मी मुद्दाम देत नाही. पिल्लाला पायाखाली काय लागतं ते लक्षात राहतं, त्यामुळे पेपरवर शिकलेल्या पिल्लाला सोफ्यापाशी पडलेली सकाळची पुरवणीही संडासच वाटते, आणि मग पेपर सोडवायचं वेगळं काम होऊन बसतं.

ट्रेवर शू होत असताना हळू आवाजात एकच शब्द म्हणायचा, आम्ही "शू कर" म्हणतो, आणि संपली की तिथल्या तिथे पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा. तिथल्या तिथे म्हणजे खरंच तिथे, आत किचनमध्ये येऊन डबा उघडून दिला तर तिला वाटणार की किचनमध्ये आल्याबद्दल मिळालं. सासूबाईंनी हे काम स्वतःकडे घेतलं, पदराला पनीरची छोटी डबी बांधून बाल्कनीत उभ्या राहायच्या आणि झालं की "शाब्बास गं बाय माझी" इतक्या कौतुकाने म्हणायच्या की बुंदी शेपटीसकट सगळी हलायची.

आणि हे मात्र मी अगदी ठासून सांगणार आहे, त्याचं नाक शूमध्ये घासू नका, पेपरची गुंडाळी करून मारू नका, ओरडूही नका. अजून कितीतरी घरांत हे चालतं आणि मला ते बघवत नाही. कुत्र्याला शिक्षेचा किंवा बक्षिसाचा संबंध लावायला दोन-चार सेकंद मिळतात, दहा मिनिटांपूर्वीच्या शूबद्दल तुम्ही आत्ता मारताय हे त्याला कळूच शकत नाही. त्याला कळतं ते एवढंच की माणसासमोर शू केली की मार बसतो, मग ते सोफ्याच्या मागे, पलंगाखाली लपून करायला लागतं आणि तुम्ही बाहेर नेलंत तरी तुमच्यासमोर करत नाही. लोक म्हणतात की बघा, त्याला कळतंय त्याने काय केलंय, कसं कान पाडून बसलंय, मुद्दाम करतं, राग काढतं. तो अपराधीपणा नाही हो, ती भीती आहे, तुमचा चेहरा आणि आवाज बघून आलेली. घरात झाली तर एवढंच करायचं, होताना दिसली तर उचलून ट्रेवर न्यायचं, उरलेली तिथे झाली तर पनीर द्यायचं, आणि नंतर दिसली तर गप पुसून टाकायची.

पुसण्याचंही एक आहे. फिनाइलने पुसलं की आपल्याला वास येत नाही पण पिल्लाला खालचा वास येतोच, ते परत तिथेच येतं. अमोनियावालं क्लीनर तर अजिबात नको, त्याला स्वतःलाच शूसारखा वास असतो. काळं फिनाइल तर घरातून काढूनच टाका, त्या फरशीवर चालून पिल्लू पाय चाटतं आणि ते पोटात जाणं धोक्याचं असतं. आधी कोरड्या कपड्याने सगळं टिपून घ्यायचं, मग एन्झाइमवालं क्लीनर टाकून थोडा वेळ तसंच ठेवायचं, त्यातली एन्झाइम्स वास आणणारे घटकच मोडतात. पेट शॉपमध्ये मिळतं.

खाण्याच्या वेळा पक्क्या असतील तर शीच्या वेळाही पक्क्या होतात, इतकं सरळ आहे. या वयात दिवसातून तीन-चार वेळा, पंधरा मिनिटांनी भांडं उचलायचं. पाणी मात्र कधी तोडायचं नाही. आणि दूध-पोळी नको. पिल्लू म्हणजे दूध हे आपल्याकडे इतकं पक्कं आहे की प्रत्येक आल्यागेल्याने "दूध देत नाही का गं हिला?" असं विचारलं, पण आईचं दूध सुटलं की बऱ्याच पिल्लांना गाईचं दूध पचत नाही, पोट बिघडतं, आणि जुलाब लागलेल्या पिल्लाला तुम्ही कसलं टाइमटेबल शिकवणार. द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण, चॉकलेट यातलं तर काहीच पोटात जाता कामा नये.

चावणं. सासूबाईंच्या साडीच्या निऱ्या हा बुंदीचा आवडता खेळ होता, त्या देवापाशी निघाल्या की ही मागून धावत येऊन काठ दातात धरायची आणि त्या ओढतील तितकी जोरात ओढायची. मग ठरलं की ओढायचंच नाही, जागच्या जागी थांबायचं, बघायचंही नाही, आणि तिने सोडलं की लगेच दुसरं काहीतरी तोंडात द्यायचं. ओला नॅपकिन पिळून, त्याला पीळ देऊन फ्रीजरमध्ये ठेवलेला आम्हाला सगळ्यात उपयोगी पडला, थंडपणाने हिरड्यांना बरं वाटतं. साधारण चौथ्या महिन्यापासून त्यांचे दुधाचे दात पडतात, २८ असतात ते जाऊन पुढे ४२ येतात. एक दात मला फरशीवर सापडला, टोकाला किंचित रक्त लागलेला, आणि त्या दिवशी ती खुर्चीचा पाय का चावत होती ते बघताच कळलं.

लस होत नाही तोवर घरातच कोंडून ठेवायचं असाही अर्थ काढू नका. साधारण तीन ते चौदा आठवडे हे वय पिल्लाने जग ओळखायचं असतं, ते गेलं की नवीन गोष्टींची भीती जास्त बसते. आम्ही तिला कडेवर घेऊन खाली जायचो, स्कूटर, भाजीवाल्याची हाक, रेनकोट घातलेली माणसं, सगळं लांबून दाखवायचो. गणपतीच्या आधी ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग अगदी बारीक आवाजात लावून त्या वेळी जेवण द्यायचो, रोज थोडा आवाज वाढवायचा, ती कान टवकारून थांबली की परत कमी करायचा. दिवाळीच्या फटाक्यांसाठीही हेच करा, पण दोन महिने आधीपासून. पावसात डबक्यांत मात्र पाय टाकू देऊ नका, उंदरांच्या मुतातून लेप्टो नावाचा आजार पसरतो, कुत्र्यालाही होतो आणि माणसालाही.

सोसायटीत कुणी लिफ्ट वापरू नका म्हणालं तर भांडू नका, अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाच्या २०१५ च्या सूचना प्रिंट काढून दाखवा, पाळीव प्राण्यांना बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही असं त्यात स्पष्ट आहे. आपल्या बाजूने पट्टा, शी उचलायची पिशवी आणि महापालिकेचं लायसन्स, एवढं असलं पाहिजे.

नीट शिकलेलं पिल्लू अचानक घरात थोडी थोडी, सारखी शू करायला लागलं तर आधी व्हेटकडे न्या. बुंदीचं तसं झालं तेव्हा टेस्टमध्ये इन्फेक्शन निघालं, औषधाने बरी झाली, आणि त्या आठवड्यात तिला कुणी एक शब्द बोललं असतं तर मला फार वाईट वाटलं असतं. आणि दुसऱ्यांच्या घरी नेताना लक्षात ठेवा की आपलं घर म्हणजे घर हे त्याला कळलंय, सगळ्यांची घरं म्हणजे घर हे नाही. साताऱ्याला माझ्या माहेरी गेलो की गाडीतून उतरल्यावर आधी परसात, पेरूच्या झाडाखाली, शू होईपर्यंत उभं राहायचं, पनीर द्यायचं, मग पट्टा हातात धरूनच घरात शिरायचं आणि पहिला दिवस तासातासाला परत परसात. आई म्हणते चहा तरी घे आधी. चहा नंतर.