कपाटातली डिस्क

सोमवारी आलो तेव्हा शुक्रवारचा फुल बॅकअप तसाच ताटकळला होता. बॅक्युला (आमचं बॅकअपचं सॉफ्टवेअर) तीन दिवस एका व्हॉल्यूमसाठी, म्हणजे बॅकअप साठवणाऱ्या फाइलसाठी, 'माउंट करा, माउंट करा' म्हणत बसलेला, आणि ती फाइल डिस्कवर नव्हतीच. जागा भरली की सरळ आरएम मारायचं, म्हणजे फाइलच पुसायची, ही माझ्या आधीच्या ॲडमिनची पद्धत. फाइल जायची, कॅटलॉगमधली, म्हणजे बॅक्युलाच्या डेटाबेसमधली, नोंद राहायची.

लोकांना वाटतं मुदत संपली की जुना बॅकअप आपोआप पुसला जातो. कुठलं काय! प्रून (मुदत संपलेल्या नोंदी काढणं), पर्ज (मुदत न बघता काढणं) हा सगळा नोंदींचा खेळ. पर्ज झालेली ५० जीबीची फाइल डिस्कवर ५० जीबीच अडवून बसते. बॅक्युलात डिलीट केलं तर नोंद जाते, फाइल तिथेच. त्यात पूलमधलं (व्हॉल्यूमच्या गटाचं) रिटेन्शन, म्हणजे जपून ठेवायची मुदत, ३६५ दिवसांवरून ३० वर आणलं तरी जुन्या व्हॉल्यूमना त्याचा पत्ता नसतो. प्रत्येकाच्या नोंदीत बनवतानाचाच आकडा असतो, तो वेगळा अपडेट करावा लागतो. हे कळायला मला एक अख्खी दिवाळी घालवावी लागली होती.

तर मी दोन याद्या काढल्या, कॅटलॉगची आणि डिस्कवरची. ताडून पाहिल्या. २१४ नावं बिनफायलींची निघाली. बीकन्सोलला, म्हणजे बॅक्युलाला कमांड द्यायच्या खिडकीला, लूप लावला आणि दहा मिनिटांत सगळी उडवली. खरं सांगतो, फार बरं वाटलं.

बुधवारी अकाउंट्सच्या मॅडम आल्या. ऑडिटरला मागच्या मार्चअखेरचं लेजर हवं होतं. रिस्टोअर म्हणतो, असा जॉबच (बॅकअपची फेरी) नाही. शोधता शोधता स्टेशनरीच्या कपाटात एक एक्स्टर्नल डिस्क सापडली. वर त्याच ॲडमिनच्या अक्षरात चिठ्ठी: 'मार्चअखेर. हात लावू नये.' मग माझी जुनी यादी उघडली. त्यातल्या चार व्हॉल्यूमचं स्टेटस 'आर्काइव्ह', म्हणजे जपून ठेवलेलं, होतं. तो रकाना मी बघितलाच नव्हता.

कॅटलॉगचा गुरुवारचा डंप (पूर्ण प्रत) होता. पण तो चढवला असता तर २१४ भुतं परत आली असती आणि मधल्या रात्रींच्या नोंदी गेल्या असत्या. म्हणून बीस्कॅन. बॅक्युलाचंच हे टूल व्हॉल्यूम पहिल्यापासून वाचून नोंदी नव्याने लिहितं. चारांना अख्खी रात्र लागली. मेख अशी की नोंदी जुन्या तारखांच्या, त्यामुळे ऑटोप्रून चालू असेल तर पुढच्याच जॉबला त्या पुन्हा साफ. ते मात्र आधी बंद केलं होतं. लेजर मिळालं, मॅडमनी 'इतका वेळ का?' एवढंच विचारलं.

उरलेली २१० नावं खरंच मेलेली होती का, ते कोणाला विचारणार? शेवटी त्यालाच फोन लावला, ज्याला सोमवारपासून शिव्या घालत होतो. तो हसला.

"एकच सापडली? दोन होत्या ना रे."