पुणे, पाणी आणि पण: जँगोला पॅच पाठवण्याआधी

जँगो या पायथन भाषेत वेबसाइट बनवण्याच्या मुक्तस्रोत लायब्ररीमधलं ‘स्लगिफाय’ हे फंक्शन लेखाच्या शीर्षकावरून वेबपत्त्यात बसणारा तुकडा, म्हणजे स्लग, तयार करतं. १.९ या आवृत्तीपासून त्याला ‘अलाउ युनिकोड’ हा पर्याय आहे (युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणारं मानक), त्यामुळे देवनागरी शीर्षकंही चालायला हवीत. तो पर्याय चालू करून ‘पुणे’ देऊन पाहा. उत्तर येतं ‘पण’. ‘पाणी’ दिलं तरी ‘पण’. ‘मराठी’चं ‘मरठ’ होतं, ‘कोल्हापूर’चं ‘कलहपर’. काना, मात्रा, वेलांटी, उकार, हलन्त सगळं गळून पडतं. स्लगच्या रकान्याला युनिकची, म्हणजे तेच मूल्य दोनदा न येण्याची, अट असेल, तर ‘पुणे’ ही नोंद आधी असताना ‘पाणी’ जतनच होत नाही.

हे पाहिल्यावर पहिला विचार येतो तो दोन ओळींच्या पॅचचा, म्हणजे कोडमधल्या दुरुस्तीचा. तसा पॅच अर्ध्या तासात लिहूनही होतो, पण आत जात नाही. का जात नाही हे नीट पाहिलं, की मोठ्या मुक्तस्रोत लायब्ररीत कोड कसा स्वीकारला जातो याचा बराचसा उलगडा होतो.

दोष नेमका कुठे आहे

स्लगिफायच्या आत जेमतेम चार-पाच ओळींचं काम चालतं. मजकूर आधी युनिकोडच्या ‘एनएफकेसी’ या एकसारख्या, प्रमाणित रूपात आणला जातो, मग लहान लिपीत, आणि मग एक रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरातले नमुने शोधणारं सूत्र, अक्षरं, मोकळी जागा आणि हायफन सोडून बाकी सगळं पुसतं. इथलं ‘अक्षर’ म्हणजे ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’. पायथनचं ‘री’ मॉड्यूल ते ठरवताना समोरचं चिन्ह अक्षर, अंक किंवा अंडरस्कोर आहे का एवढंच बघतं. ‘पुणे’ या शब्दात युनिकोडच्या लेखी चार चिन्हं आहेत: प, उकार, ण, एकार. प आणि ण यांचा वर्ग ‘अक्षर’, उकार आणि एकार यांचा वर्ग ‘मार्क’. मार्क असलेलं सगळं पुसलं जातं.

म्हणजे मूळ दोष जँगोचा नाही, पायथनचा आहे. युनिकोडची रेग्युलर एक्स्प्रेशनबद्दलची स्वतःची मार्गदर्शक सूत्रं मार्क हे शब्दाचाच भाग धरतात, आणि देवनागरी शब्दांचे तुकडे पडतात ही तक्रार पायथनकडे २००७ मध्येच नोंदवली गेली आहे. ‘रेजेक्स’ नावाचं बाहेरचं मॉड्यूल हे बरोबर हाताळतं. मग ते जँगोत का आणू नये? कारण जँगो बाहेरच्या पॅकेजांवर फार जपून अवलंबून राहतो: एएसजीआयरेफ, एसक्यूएलपार्स आणि विंडोजवर टीझेडडेटा, एवढीच यादी. एका फंक्शनसाठी ती वाढवा असं सुचवणारा पॅच पहिल्याच वाचनात परत येईल.

मार्क वाचवायचे तर ‘युनिकोडडेटा’ या पायथनच्याच मॉड्यूलला प्रत्येक चिन्हाचा वर्ग विचारता येतो. त्यात एक एक चिन्ह तपासावं लागतं, म्हणून आधीपेक्षा वेळ जास्त लागतो. किती जास्त ते मोजून पॅचसोबत द्या. ‘फारसा फरक पडत नाही’ या वाक्याला परीक्षणात किंमत नसते, ‘टाइमइट’ या पायथनच्या वेळ मोजणाऱ्या साधनाच्या आकड्यांना असते.

पसारा मोजा

बहुतेक पॅच इथे अडकतात, म्हणून इथे थोडं थांबतो. स्लगिफाय दुरुस्त केलं आणि ते आता खरोखरच ‘पुणे’ देऊ लागलं असं धरा. हा स्लग फॉर्ममधून पाठवला की ‘व्हॅलिडेट युनिकोड स्लग’ ही तपासणी तो नाकारते, कारण त्यातही तोच बॅकस्लॅश डब्ल्यू बसलेला आहे. ॲडमिनमध्ये, म्हणजे जँगोच्या तयार व्यवस्थापन पानांत, शीर्षक टाइप करताना स्लगचा रकाना आपोआप भरतो, ते काम ‘यूआरएलिफाय’ ही जावास्क्रिप्टची फाइल करते, आणि तीही अक्षर व अंक एवढेच वर्ग ठेवते. वेबपत्त्याच्या नमुन्यातला ‘स्लग’ कन्व्हर्टर तर फक्त रोमन अक्षरं, अंक, हायफन आणि अंडरस्कोर ओळखतो. तिथे देवनागरीचा ‘क’सुद्धा चालत नाही. एकूण चार जागा झाल्या, त्यातली एक वेगळ्या भाषेत लिहिलेली.

शिवाय जुन्या साइट्स आहेत. कुणाच्या तरी डेटाबेसमध्ये आज ‘मरठ’ हा स्लग पडून आहे आणि तो पत्ता शोधयंत्रांकडे गेलेला आहे. तीच साइट आवृत्ती बदलल्यावर जतन करताना नव्याने स्लग काढू लागली, तर जुने दुवे तुटतील. मागच्या आवृत्त्यांशी सुसंगती हा जँगोत शिष्टाचाराचा भाग नाही, धोरण आहे. नवा पर्याय द्यायचा की वागणूक बदलायची, याचं उत्तर पॅच लिहिणाऱ्याकडे तयार असलं पाहिजे.

आणि एक खास मराठी पेच. ‘दर्‍या’ म्हणजे डोंगरातल्या, आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. पहिला शब्द अनेक कीबोर्डवर र, हलन्त, ‘झिरो विड्थ जॉइनर’ आणि य असा लिहिला जातो. हा जॉइनर मार्क नाही, ‘फॉरमॅट’ वर्गातला आहे. फक्त मार्क वाचवणारा पॅच जॉइनर पुसतो आणि डोंगराचा समुद्र करतो. जॉइनर ठेवावा म्हटलं, तर डोळ्यांना न दिसणारं चिन्ह वेबपत्त्यात येतं आणि दिसायला हुबेहूब सारखे दोन वेगळे पत्ते शक्य होतात. सुरक्षेच्या दृष्टीने परीक्षक त्याला हरकत घेणार. माझ्या मते मार्क ठेवावेत, जॉइनर सध्या सोडावा, आणि ही मर्यादा तिकिटात, म्हणजे दोषाच्या नोंदीत, स्पष्ट लिहावी. ही बाब मराठी वाचणाऱ्या माणसालाच सुचते. अशा ठिकाणी आपला सहभाग खराच मोलाचा असतो.

तिकीट आधी, कोड नंतर

जँगोचा कोड २०१२ पासून गिटहबवर आहे, पण दोषांची नोंद तिथे होत नाही. त्यासाठी ‘ट्रॅक’ ही वेगळी यंत्रणा आहे. आधी तिथे शोधा, आणि बंद झालेली तिकिटंही शोधात धरा. त्याच विषयाचं तिकीट ‘वोन्टफिक्स’ (दुरुस्त करणार नाही) म्हणून बंद झालं असेल तर ते परत उघडू नका आणि पुल रिक्वेस्टही, म्हणजे आपला बदल आत घेण्याची विनंतीही, टाकू नका. नवा मुद्दा हाती असेल तर तो चर्चेत मांडा, सहमती झाली की तिकीट पुन्हा उघडतं.

नवं तिकीट ‘अनरिव्ह्यूड’ अवस्थेत राहतं. दुसऱ्या कुणीतरी दोष स्वतः करून पाहिला की ते ‘ॲक्सेप्टेड’ होतं. आपलं तिकीट आपणच स्वीकारायचं नसतं. म्हणून तिकिटात आवृत्ती, दोन-तीन ओळींत दोष दाखवणारा कोड, अपेक्षित उत्तर आणि प्रत्यक्ष उत्तर एवढं द्या. देवनागरी न वाचणाऱ्या माणसाला ‘पुणे’चं ‘पण’ झालं हे दिसतही नाही, तेव्हा प्रत्येक चिन्हाचा युनिकोड क्रमांक सोबत लिहा. स्वीकारलं गेल्यावर तिकीट आपल्या नावावर घ्या. दुसऱ्याच्या नावावर असेल आणि बरेच आठवडे हालचाल नसेल, तर आधी विचारा. दस्तऐवजातली शुद्धलेखनाची चूक वगैरे असेल तर तिकिटाची गरज नाही. सुरक्षेतली फट सापडली तर ट्रॅकवर एक अक्षरही लिहू नका. ती थेट सुरक्षा पथकाला ईमेलने कळवायची.

यंत्रावरची तयारी

गिटहबवरच्या आपल्या खात्यावर कोडची प्रत (फोर्क), तिथून ती आपल्या संगणकावर (क्लोन), मग पायथनची पॅकेजं वेगळी ठेवणारं नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट. जँगो ६.० ला पायथन ३.१२ किंवा पुढची आवृत्ती लागते, जुन्या पायथनवर सुरुवातच होणार नाही. क्लोन केलेला जँगो पिप या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने ‘एडिटेबल’ म्हणून बसवा, म्हणजे आपले बदल लगेच लागू होतात. हे विसरलं आणि त्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये आधीचा जँगो असला, तर टेस्ट जुन्या कोडवर चालतात आणि आपण काहीही बदललं तरी निकाल तोच येतो. मग टेस्ट्स फोल्डरात जाऊन ‘रिक्वायरमेंट्स’मधली ‘पाय३’ ही यादी बसवा. लिनक्सवर त्यातल्या ‘पायलिबएमसी’ या पॅकेजपाशी गाडं अडलं तर लिबमेमकॅश्डच्या डेव्हलपमेंट फाइल्स नसतात, त्या सिस्टिमच्या पॅकेज मॅनेजरने आणायच्या.

‘रनटेस्ट्स’ ही स्क्रिप्ट काहीही न सांगता एसक्यूलाइट या डेटाबेसवर चालते आणि संगणकाच्या सगळ्या कोअरवर काम वाटते. काहीही बदलण्याआधी ती एकदा पूर्ण चालवून घ्या, म्हणजे आधीपासून पडणाऱ्या टेस्ट कोणत्या ते कळतं. पूर्ण संच पंधरा हजारांच्या वर आहे, त्यामुळे नंतर फक्त ‘युटिल्स टेस्ट्स’, ‘व्हॅलिडेटर्स’ आणि ‘फॉर्म्स टेस्ट्स’ चालवा. जावास्क्रिप्टच्या टेस्ट वेगळ्या, त्या एनपीएमने चालतात. एखादी टेस्ट एकटी पास होते आणि संचात पडते, असं झालं तर ‘बायसेक्ट’ हा पर्याय कोणत्या टेस्टमुळे ती बिघडते ते शोधून देतो.

टेस्ट

युटिल्स टेस्ट्सच्या ‘टेस्ट टेक्स्ट’ फाइलमध्ये स्लगिफायची टेस्ट म्हणजे तीन खणांची यादी आहे: दिलेला मजकूर, अपेक्षित उत्तर, युनिकोड हो की नाही. तिथे आपल्या ओळी घाला. ‘पुणे’ आणि ‘पाणी’ दोन्ही हवेत, ‘कोल्हापूर’ हलन्तासाठी, एखादा अनुस्वाराचा शब्द, आणि ‘दर्‍या’. जॉइनरची ओळ देवनागरीत न लिहिता युनिकोड क्रमांकाने लिहा, नाहीतर एखादा एडिटर किंवा कॉपी-पेस्ट तो जॉइनर गुपचूप खातो आणि टेस्ट भलतंच काही तपासत राहते.

दुरुस्तीच्या आधी टेस्ट पडताना पाहा, आणि ती योग्य कारणाने पडते आहे याची खात्री करा. दुरुस्ती झाल्यावर ‘गिट स्टॅश’ने तेवढा कोड बाजूला काढून पुन्हा चालवा. तरीही पास झाली तर टेस्ट फुकट आहे.

कमिटपासून मर्जपर्यंत

प्री-कमिट बसवलं की प्रत्येक कमिटआधी (बदलाची नोंद करण्याआधी) ब्लॅक, आयसॉर्ट आणि फ्लेक८ ही कोडची मांडणी तपासणारी साधनं आपोआप चालतात. कोडच्या ओळीला मर्यादा ८८ अक्षरांची, टिपणांना आणि दस्तऐवजांना ७९. कमिटच्या संदेशाचा साचा ठरलेला आहे: ‘फिक्स्ड’, हॅश आणि तिकीट क्रमांक, दोन डॅश, मग भूतकाळातलं एक वाक्य आणि शेवटी पूर्णविराम. वागणूक बदलत असेल तर रिलीज नोट्समध्ये ओळ हवी. पुल रिक्वेस्ट मेन शाखेवरच द्यायची. साधी दुरुस्ती जुन्या आवृत्तीत जात नाही. तिथे सुरक्षा, डेटा नष्ट होणं, क्रॅश किंवा नव्याने शिरलेला दोष एवढ्याच गोष्टी नेतात. पुल रिक्वेस्टच्या नमुन्यात एआयची मदत घेतली का हेही विचारलं जातं, तिथे खरं ते लिहा.

पुल रिक्वेस्ट टाकल्यावर ट्रॅकवर ‘हॅज पॅच’वर खूण करा. परीक्षकाने बदल सुचवले की तो ‘पॅच नीड्स इम्प्रूव्हमेंट’वर खूण करतो. इथे एक चूक फार होते: माणूस बदल करतो, रिबेस करून (ताज्या कोडवर बसवून) पुश करतो आणि वाट पाहत बसतो, पण ती खूण काढायची राहते. ती असेपर्यंत तिकीट परीक्षणाच्या रांगेतच येत नाही. महिने जातात आणि आपल्याकडे दुर्लक्ष झालं असं वाटत राहतं. खूण स्वतः काढायची असते, तशी मुभा असते. ‘रेडी फॉर चेकिन’, म्हणजे आत घ्यायला तयार, मात्र दुसऱ्यानेच करायचं.

मराठी भाषांतर पाठवायचं असेल तर

मराठीचा उत्साह बऱ्याचदा थेट ‘एमआर’ या मराठीच्या फोल्डरातल्या पीओ फाइलकडे, म्हणजे भाषांतरांच्या फाइलकडे, वळतो. त्या फाइलवरची पुल रिक्वेस्ट बंद होते, कारण भाषांतरं ट्रान्सिफेक्स या भाषांतराच्या संकेतस्थळावरून येतात. तिथे मराठीच्या गटात सामील व्हा. तारखा आणि संख्यांच्या ‘फॉरमॅट्स’ फाइल्स मात्र ट्रान्सिफेक्सवर नसतात, त्यांच्यासाठी तिकीट किंवा पुल रिक्वेस्टच लागते. पहिल्या पॅचसाठी ही जागा स्लगिफायपेक्षा पुष्कळ सोपी आहे. १.११ पासून ‘नंबर ग्रुपिंग’ला एका आकड्याऐवजी क्रम देता येतो: ३, २, ०. म्हणजे उजवीकडून आधी तीन अंक, मग दोन दोन, आणि शून्य म्हणजे इथून पुढे हाच गट चालू ठेवा. ‘यूज थाउजंड सेपरेटर’ चालू असेल तर बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्टची रक्कम १२,३४,५६७ अशा स्वल्पविरामांनी छापली जाते. तो बंद ठेवून पाहिलं तर काहीच बदललेलं दिसत नाही, तेव्हा टेस्टमध्ये तो आधी चालू करून घ्या.